डॉक्टर, जाता जाता एक विचारू?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की पेशंट खुर्चीवरून उठतो, चपला पायात सरकवतो, पडदा बाजूला करतो आणि मग म्हणतो, "डॉक्टर, जाता जाता एक विचारू?" आणि खरा आजार तिथून सुरू होतो, आधीची दहा मिनिटं सर्दीत गेलेली असतात. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की संपादकांनी गठ्ठाच हातात दिला. गंमत म्हणजे यावेळी आजार कमी आणि माझीच चौकशी जास्त. तुम्ही असं का करता, तसं का करत नाही, तुम्ही शिकलात कुठे. म्हणजे पेशंटांनी डॉक्टरची हिस्टरी घ्यायची ठरवलेली दिसतेय. घ्या. जमतील तेवढी उत्तरं देतेय, राहिलेल्यांनी रागावू नका.

मॅडम, वर्षभर तुमचं सदर वाचतोय. पण तुम्ही शिकलात कुठे, एमडी का नाही केलं, आणि नुसत्या एमबीबीएसवर आजकाल भागतं का? राग मानू नका, आमच्या मिसेसचा प्रश्न आहे. (सिडको)

राग कसला दादा, स्वतःचा प्रश्न मिसेसच्या नावावर खपवणारे माझ्याकडे रोज चार येतात.

मी जुन्या नाशिकची, रविवार कारंजाजवळच्या वाड्यात वाढले. वडील नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये होते. बारावीच्या मार्कांवर १९८४ ला पुण्याला बी.जे. मेडिकलला नंबर लागला, तेव्हा नीट वगैरे काही नव्हतं आणि नाशकात एमबीबीएसचं कॉलेजही नव्हतं, आयुर्वेदाचं होतं गणेशवाडीत. आता आरोग्य विद्यापीठच इथे आहे पण ते आलं १९९८ ला, तोवर आमच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. साडेचार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप, ससूनमध्ये काय शिकले म्हणाल तर गर्दीत उभं राहून एका माणसाकडे बघायला शिकले. कॉटवर एक, कॉटखाली गादीवर एक, आणि सर विचारणार की तिसऱ्या कॉटवरच्या बाईच्या नखांचा रंग कसा होता.

पण खरी शाळा सुरगाण्याची. तालुक्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे मी दोन पावसाळे काढले. एक्सरे नाही, मलेरियाची स्लाइड सोडली तर लॅब नाही, रात्री लाइट असेलच असं नाही. एक बाई तीन वेळा डोकेदुखीसाठी आली आणि तिन्ही वेळा मी तिला गोळ्या दिल्या, तिसऱ्या वेळी थोडी वैतागलेच. आमच्या सिस्टर, वयाने माझ्या आईएवढ्या, हळूच म्हणाल्या, "मॅडम, तिला विचारा चूल कुठे पेटवते." पावसामुळे चूल घरात, खिडकी नाही, दार लावलेलं, आणि ती त्या धुरात दिवसातले पाच-सहा तास. तिच्या नवऱ्याने भिंतीला वरच्या बाजूला भोक पाडलं आणि डोकेदुखी निम्म्यावर आली. पाच वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मी त्या दिवशी कँटीनला असेन.

एमडीचं म्हणाल तर प्रवेश परीक्षा दिली होती, हवी ती ब्रांच मिळाली नाही, मार्क कमी पडले. लोक सांगतात "समाजसेवा करायची होती म्हणून", मी सांगणार नाही. मग १९९३ ला पंचवटीत निमाणी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दवाखाना टाकला आणि कायनेटिक होंडावर व्हिजिटा मारायला लागले.

आणि भागतं का? बऱ्याच गोष्टींना भागतं, काहींना अजिबात नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे, त्यावर हृदयाचे, मेंदूचे, किडनीचे, मुलांचे असे सगळ्यांचे फोन नंबर, मी त्याला "मला न येणाऱ्या गोष्टींची यादी" म्हणते, ती दरवर्षी लांबत जाते. पण एक गोष्ट त्या यादीतल्या कुणाकडेच नाही. रामकुंडाकडे जाताना एक फुलवाला बसायचा, त्याची आरोळी मी पंधरा वर्षं ऐकत होते. एकदा सर्दीचं औषध घ्यायला आला तर आवाज जाड झालेला, बोलणं संथ, चेहरा जरा सुजरा. तो म्हणे घसा बसलाय. तपासला तर थायरॉईड पार झोपलेला. दुसऱ्या कुणाला तो माणूस जाड आवाजाचा, संथ स्वभावाचाच वाटला असता, कारण त्यांनी तो बरा असताना बघितलाच नव्हता. माझं शिक्षण विचारलंत ना, तर हे खरं शिक्षण, आणि ते फुकट मिळत नाही, एकाच गल्लीत तीस वर्षं बसावं लागतं.

आमचे हे द्राक्षबागेत मजुरीला जातात. दिवाळीच्या आधी छाटणी चालू असताना एका रात्री थोडी घेतली आणि तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलटी, मरतो की काय असं झालं. दवाखान्यात ॲलर्जी सांगितली. ते रोजच थोडी घेतात, आधी कधी असं झालं नव्हतं. (दिंडोरी तालुका)

ताई, तुम्ही पत्रात "छाटणी चालू असताना" हे तीन शब्द लिहिलेत आणि माझं निम्मं काम केलंत. दवाखान्यात हे कुणी विचारलं होतं का? मला वाटतं नसेल.

ऑक्टोबर छाटणी झाली की काड्या एकसारख्या फुटाव्यात म्हणून काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, पेस्ट लावतात, तुमच्याकडे त्याला पेस्टिंगच म्हणतात ना. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीतून, श्वासातून थोडं थोडं अंगात जातं. एरवी दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी एक विषारी द्रव्य करतं आणि मग ते लगेच मोडून टाकतं. हे औषध ती मोडायची पायरीच बंद पाडतं. मग ते द्रव्य रक्तात साठतं आणि तोंड लाल, धडधड, डोकं ठणकणं, उलटी, कधी बीपी एकदम खाली, श्वास लागणं. दारू सोडवायच्या गोळ्यांवर असताना कुणी चोरून प्यायलं की जे होतं, तसंच हे. म्हणजे नेहमीएवढीच घेतली तरी त्या दिवसांत ती विषासारखी लागते. तुमच्या ह्यांना नक्की हेच झालं असं मी पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही, धडधडीसाठी एकदा ईसीजी काढून घ्याच, पण माझा पहिला संशय यावर.

यावर वेगळा उतारा नाही, सलाईन, ऑक्सिजन, बीपी सांभाळणं एवढंच, म्हणून पुन्हा झालं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. येताना त्या डब्याचं लेबल किंवा निदान मोबाइलवर फोटो घेऊन या, डॉक्टरला रसायनाचं नाव कळणं फार महत्त्वाचं. पेस्ट लावायच्या आधी आणि नंतरचे काही दिवस एक थेंबही नको, लेबलवर ते छापलेलं असतं, पण ते वाचणार कोण, मजुरांना तर डबा दिसतही नाही, बादलीत कालवलेलंच हातात येतं. हातात रबरी मोजे, अंगभर कपडे, घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ आणि ते कपडे वेगळे धुवायचे. ते तुम्ही धुता ना? तुम्ही पण मोजे घाला.

मला हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पेठ-सुरगाण्याहून बागांना निघालेली माणसं निमाणीला उतरतात, त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं होतं की "बाई, पेस्टच्या दिवसात दारू चढत नाही, मारते." मग मी पुस्तक उघडलं.

आमच्या डॉक्टर (तुमच्यासारख्याच) सलाईन लावायला तयार होत नाहीत. आईला सारखा अशक्तपणा. कोपऱ्यावरचे दुसरे डॉक्टर लावतात आणि आई दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. मग कोण बरोबर? (सातपूर)

कंसातलं "तुमच्यासारख्याच" वाचून हसले.

हिशोबच करू. पाच टक्के ग्लुकोजवाली ५०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे, ताकद म्हणून मोजली तर १०० कॅलरी. बाकी पाणी. याहून जास्त साखर एका ग्लास उसाच्या रसात असते आणि त्याला सुई टोचावी लागत नाही. जुलाब झाले असतील आणि पोटात पाणी टिकत असेल तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट पाजली की तेच काम होतं. सलाईन लागते तेव्हा लागतेच, उलट्या थांबत नाहीत, माणूस पाणी पिऊ शकत नाही, डेंग्यूत बीपी खाली चाललंय, तिथे मी एक मिनिट थांबणार नाही. पण अशक्तपणाला नाही. आईला शुगर असेल तर ती बाटली शुगर वाढवते, हार्ट कमजोर असेल तर पाणी फुफ्फुसात साठून रात्री दम लागतो.

मग टुणटुणीत कशी होते? एक तर काही ठिकाणी त्याच बाटलीत किंवा वेगळ्या सुईने स्टिरॉइड देतात, त्याने दोन दिवस माणूस राजा असतो आणि तिसऱ्या दिवशी परत जमिनीवर. तिथे असंच होतंय असं मी म्हणत नाहीये, पण काय दिलं ते लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे. दुसरं कारण मला एका आजींनी शिकवलं. दर महिन्याला यायच्या, सलाईन लावाच म्हणून हट्ट. सगळ्या तपासण्या ठीक. एकदा दुपारी गर्दी नव्हती, मी म्हटलं आजी खरं सांगा, बाटलीत काय आहे एवढं? त्या म्हणाल्या, "अगं बाटली लावली की दोन तास कुणी उठ म्हणत नाही, नातवंडं पण येऊन बसतात." मी सुनेला बोलावून घेतलं, तर ती बिचारी स्वतःच दमलेली, तिलाच दोन तास कुणीतरी झोपू द्यायला हवं होतं. पुढे काय ठरलं ते त्यांच्या घरातलं आहे, सांगणार नाही, पण बाटली बंद झाली.

तुमच्या आईचं हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी-१२ आणि क्रिएटिनिन एवढं बघून घ्या. आणि त्या जेवतात काय, झोपतात किती, दिवसभर बोलतात कुणाशी, हे तुम्ही बघा, त्याचा रिपोर्ट लॅबवाला देत नाही.

मी ३४ वर्षांचा आहे. डोळ्याला डोळ्याचा, पाठीला पाठीचा, थेट स्पेशालिस्टच्या ॲपवर अपॉइंटमेंट मिळते. मग फॅमिली डॉक्टर ही जुन्या काळातली गोष्ट झाली नाही का? (इंदिरानगर)

तुमच्या वयाला झाली असेल, तुमच्या वडिलांना विचारा.

माझ्याकडे एक नियम आहे, साठीच्या पुढचा कुणीही पहिल्यांदा आला की "घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा, बाम आणि चूर्णासकट." म्हसरूळचे एक काका पिशवी घेऊन आले, चौदा स्ट्रिप्स. गोष्ट अशी उलगडली: बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू झालं. त्याने काहींच्या पायावर सूज येते, यांच्या आली. सूज बघून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. रात्री चार वेळा उठायला लागले. एकदा अंधारात बाथरूममध्ये पडले, गुडघा सुजला. तिसऱ्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली, ती रोज घेतली तर बीपी वाढवते. बीपी वाढलं म्हणून पहिल्यांनी ॲम्लोडिपिन डबल केलं. सूज वाढली. आणि ॲसिडिटीची तीच गोळी तीन वेगवेगळ्या नावांनी तिघांनी दिलेली, काका इमानदारीत तिन्ही घेत होते. यातला एकही डॉक्टर चुकीचा नव्हता हो, प्रत्येकाने आपापल्या अवयवापुरतं बरोबर केलं होतं. सगळी पिशवी टेबलावर ओतून बघणारा कुणी नव्हता. मी पहिल्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी बीपीची गोळी बदलली, मग हळूहळू चौदाच्या पाच झाल्या. मी नवीन काहीच दिलं नाही, फी मात्र घेतली.

तुम्ही थेट पाठीच्या डॉक्टरांकडे जा, माझी हरकत नाही, पण पाठ दुखते म्हणून गेलात की ते पाठ बघणार. ऑफिसची खुर्ची, रात्रीचा मोबाइल, नुकतंच घेतलेलं घर आणि त्याचा हप्ता, हे कुणी बघायचं?

माझी मुलगी १९ वर्षांची. ती आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे एकटी जाऊन आली. मी विचारलं तर डॉक्टर म्हणतात सांगणार नाही, तिलाच विचारा. वीस वर्षं आम्ही त्यांच्याकडे जातोय, फी मी भरते! (कॉलेज रोड)

ताई, डॉक्टर बरोबर आहेत. १८ पूर्ण झालेल्या माणसाचं गुपित तिच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही, हा आमच्या आचारसंहितेतला नियम आहे, फी कुणीही भरो.

आणि जरा उलट बाजूने बघा. मुलगी एकटी कुठे गेली, तर तुम्ही वीस वर्षं ज्यांच्याकडे जाताय त्यांच्याकडेच गेली. गुगलकडे नाही, मैत्रिणीने सांगितलेल्या मेडिकलमधल्या गोळीकडे नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असतं तर ती परत गेली नसती. उद्या तुम्ही तिच्याबद्दल किंवा तिच्या बाबांबद्दल काही सांगायला गेलात तर तेही तिथेच राहील. तिला फक्त एवढंच म्हणा की काही लागलं तर मी आहे, आणि मग खरंच विचारू नका. कठीण आहे, मला दोन मुली आहेत, मला माहितीये.

डॉक्टरची डिग्री खरी की खोटी कसं ओळखायचं? आमच्याकडे बोर्डावर इतकी अक्षरं असतात की वाचता येत नाहीत. (सिन्नर)

अक्षरं वाचू नका, रजिस्ट्रेशन नंबर वाचा, तो प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. एमबीबीएस आणि त्यापुढचे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, बीएएमएस आणि युनानीवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, बीएचएमएस होमिओपॅथी कौन्सिलकडे. मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं. नंबरच नसेल तर उठून या. सीसीएमपी लिहिलेलं दिसलं तर तो होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधांसाठी केलेला एक वर्षाचा कोर्स आहे, आपल्या नाशिकच्याच आरोग्य विद्यापीठाचा, त्यावरून आम्हा लोकांत जोरदार भांडणं आहेत, त्यात तुम्हाला ओढत नाही. तालुक्याच्या गावाला रात्री दोनला दार उघडणारा डॉक्टर बरेचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, हे मात्र मी एमबीबीएसवाल्यांच्या बैठकीतही बोलते आणि मग चहा गार होईपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. मला एवढंच बघायचं असतं की त्याला आपली हद्द कळते का, आणि वेळेत पुढे पाठवतो का. पाठवताना कमिशन न घेता, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण कट प्रॅक्टिस हा शब्द तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून विचारलं तर डॉक्टरांनी पैसे घेणं योग्य आहे का? (ओझर)

योग्य आहे. टेलिमेडिसिनचे नियम मार्च २०२० मध्ये आलेत, फोनवरचा सल्ला हाही सल्लाच आणि त्याची जबाबदारीही तेवढीच. रात्री साडेअकराला "गुड नाइट"च्या फुलाखाली सोनोग्राफीचा फोटो आणि "बघा ना जरा" असा मेसेज येतो, तो बघताना माझी झोप जाते, तुमची नाही. पण नेहमीच्या पेशंटने "गोळी जेवणाआधी की नंतर" विचारलं तर त्याचे पैसे घेणाऱ्याला मी काय म्हणेन ते इथे छापता येणार नाही.

वडील ८४ वर्षांचे, प्रेसमधून रिटायर. कॅन्सर पसरलाय, हॉस्पिटल म्हणतं आयसीयूत ठेवा, ते म्हणतात मला घरी न्या. भाऊ म्हणतो घरी नेलं तर लोक म्हणतील पैसे वाचवले. तुम्ही काय केलं असतं? (नाशिकरोड)

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझे वडीलही प्रेसमधलेच, त्यामुळे जरा जास्तच.

आधी ज्या डॉक्टरांनी कॅन्सरची ट्रीटमेंट केली त्यांना सरळ विचारा की आयसीयूत जाऊन बाबा परत खुर्चीत बसून चहा पिणार आहेत का. असाच विचारा, मराठीत, टक्केवारी मागू नका. उत्तर "हो" असेल तर बाबांना समजावू. "नाही" असेल तर घरी न्या, आणि भावाला लोकांच्या आधी बाबांसमोर बसवा, बाबांनाच त्याला सांगू दे.

पण घरी नेणं म्हणजे सोडून देणं नाही, त्याला तयारी लागते आणि ती आयसीयूपेक्षा कमी कष्टाची नसते. दुखणं आवरलं पाहिजे, हे पहिलं. मॉर्फिनला लोक घाबरतात, उगाच, कॅन्सरच्या दुखण्यात नीट मोजून दिलं तर तो माणूस व्यसनी होत नाही, झोपतो आणि बोलतो. २०१४ मध्ये कायदा बदलल्यावर ते मिळवणं थोडं सोपं झालंय तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, कॅन्सरच्या हॉस्पिटलातूनच कागद करून घ्या. आणि त्याने पोट हमखास साफ होत नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत, हे विसरतात आणि मग शेवटचे आठ दिवस त्याच त्रासात जातात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची. जेवण मागतील तेवढंच, चमच्याने कोंबू नका, त्या वेळी शरीराला नकोच असतं. तोंड कोरडं पडतं, ओला कापूस फिरवा.

दुसरं, आत्ताच घराजवळचा एक डॉक्टर गाठा जो घरी येईल. नाही येणार म्हणाला तर दुसरा. तो निदान दोन-तीनदा घरी येऊन बाबांना बघून गेलेला हवा. याचं एक कारण असं आहे जे कुणी आधी सांगत नाही. माणूस घरी वारला की अमरधामला, म्हणजे स्मशानात, कागद लागतो, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, घरच्या मृत्यूला त्याचा फॉर्म ४ए. ते शेवटच्या आजारात ज्याने तपासलं तोच डॉक्टर देऊ शकतो, आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे त्याने ते विनामूल्य द्यायचं असतं. ज्यांचा असा डॉक्टर नसतो त्यांची मुलं पहाटे चारला गल्लोगल्ली दवाखान्यांचे दरवाजे वाजवत फिरतात, मी ती बघितलीत, ज्या माणसाला आयुष्यात कधी बघितलं नाही त्याचा दाखला मी देऊ शकत नाही आणि त्या मुलांच्या तोंडाकडे बघवतही नाही. नोंदणी २१ दिवसांत करायची असते, तिला घाई नाही.

बाबा शुद्धीत आहेत तोवर त्यांना काय नकोय हे लिहूनही ठेवता येतं, व्हेंटिलेटर नको वगैरे, दोन साक्षीदार आणि नोटरी, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते बरंच सोपं केलंय. भावाचं "लोक काय म्हणतील" त्या एका कागदापुढे जरा गप्प बसतं.

मी काय केलं असतं विचारलंत. मी घरी आणलं होतं. शेवटचे अकरा दिवस. डॉक्टर असूनही एका रात्री घाबरून ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला होता आणि आईने फोन हातातून काढून घेतला. तेव्हा घाबराल, हे धरूनच चला, आणि त्या रात्री फोन करायला आधीच दोन माणसं ठरवून ठेवा. आणि बाबांना विचारा कुठल्या खोलीत झोपायचंय. आपण आपल्या सोयीची खोली ठरवतो, माझ्या वडिलांना रस्त्याकडची हवी होती, प्रेसच्या बसचा हॉर्न ऐकू येणारी, जी बस कधीच बंद झाली होती.

डॉक्टर, जाता जाता एक विचारू? तुम्ही स्वतः आजारी पडलात तर कुणाकडे जाता? (नाव, गाव काहीच लिहिलेलं नाही)

हे पत्र गठ्ठ्यात सगळ्यात खाली होतं, अर्थातच.

माझी एक डॉक्टर आहे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, गंगापूर रोडला. स्वतःचं स्वतः बघायचं नाही हे मी चाळिशीत एकदा छातीतल्या दुखण्याला आठ दिवस ॲसिडिटी म्हणत बसले तेव्हा शिकले. सुदैवाने निघाली ॲसिडिटीच, पण ते नशीब, निदान नव्हे. ती मला रांगेत बसवते, वजनकाट्यावर उभं करते, आणि मी मेडिकलची भाषा बोलायला लागले की म्हणते, "मॅडम, मराठीत सांगा, काय होतंय?" गेल्या महिन्यात एचबीए१सी ६.३ आला, म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर. तिने रोज चालायला सांगितलंय आणि रविवारची मिसळ बंद. चालायला जाते, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, सकाळी. येताना मिसळीचं दुकान लागतं त्याला मी काय करू.